अर्थ लावणे

मकरपुऱ्याच्या कारखान्यात बावीस वर्षं
मी ट्रान्सफॉर्मरना तार गुंडाळली.
तिथे नाव कोण विचारतो, वेढे विचारायचे.
आता वाडीतल्या मागच्या खोलीत
शिलाई मशीनच्या मोटरवर बॉबिन फिरते,
बेचाळीस गेजची तांब्याची तार,
केसाहून बारीक आणि तितकीच हट्टी.
नऊ हजार वेढे.
सात हजार दोनशेवर कुकरची शिट्टी झाली,
अंगठा दचकला,
तुटली.
सांधली तर चालते.
पण ती कुठे सांधलीय ते मला माहीत असतं,
म्हणून सोलून टाकली. एकपासून पुन्हा.

लाकूड शिवणीचं.
वखारवाल्याला आधी वाटलं, मला पाट करायचाय.
मग म्हणाला, पाळणा?
मग त्याने विचारणं सोडलं
आणि गाठी नसलेली फळी माझ्यासाठी बाजूला ठेवू लागला.

मान सागाची, तिच्या पोटात लोखंडी सळई,
कारण चार जाड तारा रात्रंदिवस ओढत राहतात
आणि लाकूड कितीही शहाणं असलं तरी वाकतं.
चावीचा पाव फेरा,
मग एक अख्खा दिवस हात लावायचा नाही.
घाई केली की मान कडकन बोलते.
हे कुणी सांगितलेलं नाही. मी केलंय.

संखेड्याचे रमणभाई खराडी
फळीवर बोट फिरवून हसले,
"बेन, लाख चढते फिरत्या लाकडावर.
हे तुमचं तर फिरतच नाही."
तरी जाताना केवड्याचं वाळकं पान देऊन गेले, घासायला.
मी लॅकर मारलं, ऑगस्टमध्ये.
ऑगस्टमध्ये बडोद्यात कपडे वाळत नाहीत,
लॅकर काय वाळणार.
सकाळी काळ्याभोर अंगावर पांढरी साय धरलेली.
तीन दिवस तिच्याशी बोलले नाही.
मग एकशे वीस, दोनशे वीस, चारशे,
पेपरावर पेपर, दंडापर्यंत काळं पाणी,
आणि पितृपंधरवड्यात उन्हं आली तेव्हा
पुन्हा पहिला हात.

मुलाचं नाव धैवत, वाजवतो खर्ज.
गरब्याच्या ऑर्केस्ट्रात कोपऱ्यात उभा राहतो.
नवरात्राला चार दिवस असताना परत आला.
"मावशी, भुणभुणतोय."
खरंच. ट्यूबलाइट पेटवली की जास्त.
मागची पाटी उघडली, चष्मा चढवला,
आणि मला कारखानीस साहेब आठवले,
आमचे फोरमन. प्रत्येक टेबलाशी थांबून
एकच प्रश्न, बावीस वर्षं:
"अर्थ लावला का?"

नव्हता लावला.
ब्रिजखाली जायची ती एक तार,
वीतभर, कोणत्याही सुरात न वाजणारी,
डब्यात तशीच गुंडाळलेली.
भोक पाडलं, ओवली, डाग दिला.
आता कुणी हात लावेपर्यंत तो कुरकुरतो.
बोट तारेवर टेकलं
की गप्प.
धैवतने चारपाच वेळा करून पाहिलं,
हात ठेव, हात काढ.
"असंच असतं?"
असंच असतं.

अष्टमीच्या रात्री मैदानाच्या कडेला,
चपलांच्या ढिगाशी उभी होते.
ढोल ऐकू येत होता, गाणारी ऐकू येत होती.
बेस ऐकू येत नव्हता.
हातातल्या स्टीलच्या पेल्यात
पाणी थरथरत होतं, एवढंच.
शेजारची बाई म्हणाली, हात कापतो का हो?
मी म्हटलं, हो.

दसऱ्याला तो बेस ठेवून गेला, तारा बदलायला.
पाठीवर पट्ट्याच्या बकलचा लांब ओरखडा,
माझ्या सगळ्या थरांतून
खाली शिवणीपर्यंत.
दोन हजारचा पेपर मी पाण्यात भिजत घातला.
चहा केला.
पेपर अजून भिजतोय.